कारखाने होते, कारभार नव्हता : मर्थर टिडव्हिल शहराची कहाणी

एखाद्या गांवाची श्रीमंती कशावरून मोजावी, असा प्रश्न कोणी केला, तर व्यापारी तेथील पेठेकडे बोट दाखवील, कारखानदार तेथील धुराड्यांकडे दाखवील, आणि सरकारी अंमलदार तेथून मिळणाऱ्या वसुलाचा आंकडा पुढें करील. त्या गांवांत पिण्याचें पाणी कोठून येतें, घाण कोठें जाते, आणि या दोहोंची व्यवस्था लावण्याचा अधिकार कोणाच्या हातीं आहे, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न वेळेवर न विचारल्याचें फळ काय मिळतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं ब्रिटनच्या पश्चिम भागांतील वेल्स देशाच्या मर्थर टिडव्हिल या शहराचा इतिहास वाचावा. ज्या शहराच्या लोखंडावर अर्ध्या जगाच्या आगगाड्या धांवल्या, त्या शहरांत शंभर वर्षेंपर्यंत नांव घेण्याजोगा नगरकारभार नव्हता, ही गोष्ट वाचकांस प्रथमदर्शनीं खरी वाटणार नाहीं. परंतु ती अक्षरशः खरी आहे.

मर्थर टिडव्हिल हें ग्लॅमॉर्गन परगण्याच्या उत्तर टोंकास, टॅफ नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. टिडव्हिल नांवाची एक साध्वी धर्मासाठीं येथें मारली गेली, तिच्यावरून गांवास हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हें डोंगरांतलें एक साधें खेडें होतें. परंतु त्याच्या आसपासच्या जमिनींत लोखंडाची माती, दगडी कोळसा आणि चुन्याचा दगड हीं तिन्ही एकाच ठिकाणीं सांपडत, आणि भाते चालविण्यास नदीचें पाणी हाताशीं होतें. मग काय विचारतां? १७५९ सालीं डौलाइस, १७६३ सालीं प्लिमथ, १७६५ सालीं कवार्थवा आणि १७८४ सालीं पेनिडॅरन असे चार प्रचंड लोखंडी कारखाने पंचवीस वर्षांच्या आंत उभे राहिले. १८०१ च्या खानेसुमारींत या गांवाची वस्ती ७,७०५ भरली, आणि तेवढ्यानेंच तें सर्व वेल्समधील सर्वांत मोठें गांव ठरलें. रूळांवरून वाफेच्या यंत्रानें पहिल्यानें माल ओढला तो १८०४ सालीं याच पेनिडॅरनच्या कारखान्यापासून. रिचर्ड ट्रेव्हिथिक याचें तें इंजिन होतें. पुढें १८४० नंतर डौलाइस हा जगांतील सर्वांत मोठा लोखंडी कारखाना म्हणून गणला जाऊं लागला. त्यांत अठरा भट्ट्या असून सात हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. १८५१ पर्यंत गांवाची वस्ती सेहेचाळीस हजारांवर गेली.

आतां या सेहेचाळीस हजार माणसांचा कारभार पाहणारी संस्था कोणती होती, तें पाहूं. मर्थरला राजाची सनद नव्हती. म्हणून तेथें नगराध्यक्षही नव्हता व नगरसभाही नव्हती. होती ती फक्त ‘व्हेस्ट्री’, म्हणजे त्या गांवच्या ख्रिस्ती देवळाच्या हद्दींतील पट्टी भरणाऱ्यांची सभा. आपल्याकडील जुन्या गांवपंचायतीशीं तिची तुलना करतां येईल. मात्र पंचायतीला खेडें सांभाळावयाचें असे, आणि या सभेपुढें एक महानगर येऊन ठाकलें होतें. गरिबांच्या पोषणासाठीं पट्टी बसवावी, ती गोळा करून वांटावी, रस्त्यांची थोडीबहुत डागडुजी करावी, यापलीकडे तिला अधिकार नव्हता. गटारें बांधावयाचीं, पाणी आणावयाचें, घरें एका रेषेंत व पुरेशा अंतरावर बांधावयास लावावयाचीं, हीं कामें कोणाचींच नव्हतीं. कारखानदार आपल्या मजुरांसाठीं सोईस पडेल तेथें चाळी उठवीत, आणि दोन चाळींच्या मध्यें जी जागा उरे तिला रस्ता म्हणावयाचें, एवढीच काय ती नगररचना!

ही स्थिति बदलावी असें कोणास वाटत नव्हतें काय? येथें त्या शहरांतील निरनिराळ्या वर्गांचें हित कसें होतें, हें पाहिलें पाहिजे. मोठमोठे कारखानदार, म्हणजे कवार्थवाचें क्रॉशे घराणें, डौलाइसचे गेस्ट आणि त्यांचे जोडीदार, हेच व्हेस्ट्रींत वजनदार होते. पट्टीचा मोठा भाग कारखान्यांवर पडे. तेव्हां नवीन अधिकार म्हणजे नवीन पट्टी, आणि नवीन पट्टी म्हणजे आपल्याच खिशास चाट, हा हिशोब त्यांस सांगावा लागत नव्हता. शिवाय गांवाला स्वतःची सभा मिळाली, तर गांवांत आपल्याहून निराळी सत्ता उत्पन्न होईल, ही भीति होतीच. दुकानदार, वकील, वैद्य अशा मध्यम स्थितींतील लोकांस सनद हवी होती. परंतु पट्टी वाढेल या धाकानें त्यांच्यांतीलही पुष्कळजण ऐन वेळीं मागें सरत. उरला मजूर. त्यास मत नव्हतें, आणि म्हणून त्यास विचारण्याचें कोणास कारणही पडत नव्हतें.

जेथें गाऱ्हाणें सांगण्यास सभागृह नसतें, तेथें गाऱ्हाणें रस्त्यावर येतें. १८३१ सालीं लोखंडाचा भाव पडला, तेव्हां कवार्थवाच्या क्रॉशेनें मजुरी कमी केली व कित्येकांस कामावरून काढलें. मजूर दुकानदारांच्या कर्जांत बुडाले होते. लहान कर्जांच्या वसुलीसाठीं तेथें एक न्यायालय होतें; तें मजुरांचीं भांडीं, बिछाने, खुर्च्या जप्त करून विकीत असे. जूनच्या आरंभीं लोक उठले. त्यांनीं घरोघर जाऊन जप्त झालेलें सामान परत मूळ मालकांस दिलें, आणि त्या न्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या घरावर चालून जाऊन तेथील वह्या जाळल्या. ३ जून रोजीं कॅसल नांवाच्या खाणावळीसमोर पलटणीनें गोळी झाडली; निदान सोळा माणसें जागच्या जागीं मेलीं. पुढें एका शिपायास जखमी केल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुइस, ज्यास लोक डिक पेन्डेरिन म्हणत, या तेवीस वर्षांच्या मजुरास १३ ऑगस्ट १८३१ रोजीं कार्डिफ येथें फांशीं दिलें. त्याचा जीव वांचावा म्हणून हजारों लोकांनीं अर्जावर सह्या केल्या होत्या. त्यांचा उपयोग झाला नाहीं. तो निर्दोष होता असें वेल्समधील जनता आजही मानते.

या बंडांतून व्यापारीवर्गानें कोणता धडा घ्यावयास पाहिजे होता, तें स्पष्ट आहे. न्यायालय होतें, फांस होता, पलटण होती. म्हणजे कर्ज वसूल करण्याचीं व शिक्षा करण्याचीं सर्व साधनें होतीं. नव्हती ती एवढीच, कीं मजूर व दुकानदार ज्या एका छपराखालीं बसून गांवाच्या सुखदुःखाचा विचार करतील अशी जागा. ज्या दुकानदाराची वही त्या दिवशीं जळाली, त्याचें नुकसान मजुरानें केलें हें खरें. परंतु तीस वर्षें गांवाला कारभार नसूं देणाऱ्यांचा त्यांत वांटा नव्हता असें कोण म्हणेल?

१८३२ च्या सुधारणा कायद्यानें मर्थरला पार्लमेंटमध्यें एक जागा मिळाली, आणि डौलाइसचे मालक जोसाया जॉन गेस्ट हे तेथून निवडून आले. ते १८५२ त मरेपर्यंत प्रतिनिधि होते. म्हणजे लंडनमध्यें राज्यकारभारावर बोलावयास मर्थरचा माणूस होता, पण मर्थरमध्यें गटारावर बोलावयास कोणी नव्हता. १८३५ सालीं नगरसंस्थांचा मोठा कायदा झाला व १७८ जुन्या सनदी नगरांचा कारभार पट्टी भरणाऱ्यांच्या निवडीवर आला. त्या यादींत शे-दोनशें घरांचीं, जुन्या मानमरातबानें जगणारीं नगरें होतीं. मर्थर नव्हतें, कारण त्याला सनदच नव्हती. नवीन सनद मागण्याची मुभा कायद्यानें ठेवली होती. ती मागण्याचे प्रयत्न त्यानंतर अनेक वेळां झाले आणि अनेक वेळां फसले.

त्या काळांतील पाण्याची स्थिति वाचून अंगावर कांटा येतो. थोड्याशा झऱ्यांच्या धारा, कांहीं विहिरी आणि कारखान्यांच्या घाणीनें काळवंडलेली नदी, एवढ्यांवर सर्व वस्तीची तहान भागावयाची. उन्हाळ्यांत झरे आटले, म्हणजे दोनतीन धारांशीं बायकांची रीघ लागे, आणि आपली पाळी येईपर्यंत कित्येक तास, कधीं कधीं रात्रीं, घागर घेऊन बसावें लागे. ज्या गांवांत हजारों घोड्यांच्या शक्तीचीं यंत्रें पाणी उपसून भट्ट्यांना देत होतीं, त्याच गांवांत बाळंतिणीला तांब्याभर स्वच्छ पाणी मिळत नव्हतें!

१८४८ सालीं पार्लमेंटनें सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला. गांवांतील दहांपैकीं एक पट्टी भरणाऱ्यानें अर्ज केला, अथवा सात वर्षांच्या सरासरीनें मृत्यूचें प्रमाण हजारीं तेविसाहून अधिक भरलें, तर सरकारी निरीक्षक येऊन चौकशी करील व तेथें आरोग्यमंडळ स्थापन होईल, असें त्यांत होतें. मर्थरमध्यें असें मंडळ व्हावें म्हणून झटणाऱ्यांत टॉमस स्टीफन्स हा औषधांचा दुकानदार होता. वेल्श वाङ्मयाच्या इतिहासावरील ग्रंथामुळें त्याचें नांव विद्वानांत आजही निघतें. दुकानदारीही सांभाळावी, विद्याही करावी आणि गांवाचीही काळजी वाहावी, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे. त्याप्रमाणें टी. डब्ल्यू. रॅमेल नांवाचा निरीक्षक १८४९ च्या मे महिन्यांत मर्थरला आला. परंतु त्याच सुमारास दुसरा एक पाहुणाही त्या गांवीं येऊन पोहोंचला होता. त्याचें नांव पटकी. त्या एका उन्हाळ्यांत मर्थरमध्यें चौदाशेंहून अधिक माणसें पटकीनें मेलीं. निरीक्षकाला जें कागदावर सिद्ध करावयाचें होतें, तें स्मशानानें आधींच सिद्ध केलें.

१८५० सालीं मर्थरचें स्थानिक आरोग्यमंडळ स्थापन झालें. गांवाच्या स्वराज्याची ही पहिली पायरी. पण ती किती बुटकी होती तें पाहा. या मंडळाच्या निवडणुकींत सर्वांस सारखें मत नव्हतें. मालमत्तेच्या किंमतीप्रमाणें एकास एक, तर दुसऱ्यास सहा. आणि जो जागेचा मालकही असेल व वहिवाटदारही असेल त्यास बारा मतें देतां येत. अर्थात् मंडळावर कारखानदार व त्यांचे कारभारीच येऊन बसले. मग पाण्याचा प्रश्न निघाला. नदीच्या वरच्या अंगास पाणी अडवून नळानें गांवांत आणावें, हें सर्वांस पटत होतें; परंतु तसें केल्यास कारखान्यांच्या पाण्यास कमीपणा येईल, ही शंका निघाली, आणि वादांत वर्षांमागून वर्षें गेलीं. मध्यंतरीं १८५४ त पटकीनें पुन्हां फेरी केली. शेवटीं १८५८ सालीं नवा कायदा मंजूर करून घेऊन डोंगरांत पेन्ट्विन येथें तलाव बांधण्यास घेतला, तो १८६३ च्या सुमारास पुरा झाला. गटारांचें काम त्यापुढील कांहीं वर्षांत झालें, आणि १८७१ च्या सुमारास बेली डेंटन या इंजिनियराच्या योजनेनें गांवचें सांडपाणी नदींत न सोडतां जमिनींत मुरवून शुद्ध करण्याचा प्रयोग येथें झाला. इतर शहरांचे लोक तो मुद्दाम पाहावयास येत.

या सर्व खटाटोपाचा परिणाम काय झाला, हें सांगण्यास एकच गोष्ट पुरे आहे. १८६६ सालीं पटकी पुन्हां आली, तेव्हां तिनें घेतलेले बळी १८४९ च्या मानानें पुष्कळच थोडे होते. औषध तेंच होतें, वैद्य तेच होते; बदललें होतें तें पाणी. पट्टी वाढली म्हणून ज्यांनीं मंडळाच्या नांवानें बोटें मोडलीं, त्यांनीं या दोन सालांचा जमाखर्च समोरासमोर मांडून पाहावयास पाहिजे होता. चोख पाण्यास लागणारा पैसा वहींत खर्चाच्या बाजूस दिसतो; तो खर्च न केल्यानें मेलेलीं माणसें कोणत्याच वहींत दिसत नाहींत, एवढाच काय तो फरक.

यापुढील प्रश्न मताचा. १८६७ च्या सुधारणा कायद्यानें मर्थरच्या मतदारांची संख्या १,३८७ वरून एकदम १४,५७७ झाली, आणि पार्लमेंटांत शहराला दोन जागा मिळाल्या. १८६८ सालीं हेन्री रिचर्ड हा शांततेचा पुरस्कर्ता प्रचंड बहुमतानें निवडून आला. तरी गांवच्या कारभारांत मात्र जुनी मतांची तफावत राहिली. ती १८९४ च्या कायद्यानें नाहींशी झाली. त्या कायद्याप्रमाणें मर्थरला नागरी जिल्हासभा मिळाली. सभासद होण्यास मालमत्तेची अट राहिली नाहीं, एका माणसास एकाहून अधिक मत देण्याची रीत बंद झाली, आणि स्त्रियांसही मतदान करण्याचा व सभासद होण्याचा मार्ग खुला झाला. कारखानदाराचीं बारा आणि मजुराचें शून्य, येथपासून दोघांचें एकेक मत होईपर्यंत चव्वेचाळीस वर्षें लागलीं.

गरिबांच्या पोषणाचा कारभार १८३६ पासून निराळ्या पालकमंडळाकडे होता. अनाथगृह बांधून गरिबांस त्यांत कोंडावें, ही त्या काळच्या कायद्याची दृष्टि. मर्थरच्या मंडळानें तसें गृह १८५३ पर्यंत उघडलें नाहीं. कारखाने मंदींत बंद पडत, तेव्हां हजारों मजुरांस एका इमारतींत कोंडणें शक्य नव्हतें, आणि तेजी येतांच तेच हात पुन्हां भट्टीवर लागत. म्हणून घरबसल्या थोडी मदत देणें सर्वांसच सोईचें होतें. १८९८ सालीं दक्षिण वेल्समधील कोळशाच्या खाणींत मोठा संप झाला, तेव्हां मंडळानें संपवाल्यांस मदत दिली. खाणमालकांनीं फिर्याद केली. आणि १९०० सालीं न्यायालयानें असा निकाल दिला कीं, काम मिळत असूनही न करणाऱ्या धडधाकट माणसास पट्टीच्या पैशांतून मदत देतां येणार नाहीं, मात्र त्याच्या बायकामुलांस देतां येईल. ‘मर्थर निकाल’ या नांवानें तो पुढें सर्व ब्रिटनमध्यें प्रमाण मानला गेला. स्थानिक संस्थेच्या दयेलाही कायद्याचें कुंपण असतें, हें त्यावरून सर्वांस कळलें.

त्याच १९०० सालीं मर्थरनें कीर हार्डी या मजूर पुढाऱ्यास पार्लमेंटांत धाडलें. हे नांव हिंदी वाचकांस अपरिचित नाहीं. १९०७ सालीं ते हिंदुस्थानांत आले, येथील स्थिति डोळ्यांनीं पाहिली, आणि हिंदी लोकांस स्वराज्याचे हक्क मिळाले पाहिजेत असें उघड बोलल्याबद्दल विलायतेंतील वर्तमानपत्रांची झोड त्यांनीं सोसली. आपल्या प्रवासावर त्यांनीं पुढें पुस्तकही लिहिलें. ज्यांच्या मतांवर ते निवडून आले, ते मर्थरचे खाणकामगार स्वतःच्या गांवाच्या सनदेसाठीं त्या वेळींच झगडून मोकळे होत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या बोलण्यांतील कळकळ कोठून आली हें समजतें.

ती सनद शेवटीं १९०५ सालीं मिळाली. वेल्समधील सर्वांत मोठें गांव ठरल्यानंतर एकशेंचार वर्षांनीं मर्थर हें कायद्यानें नगर झालें! खाणीत राबलेला इनॉक मॉरेल हा तेथील पहिला मजूरपक्षीय नगराध्यक्ष होय. १९०८ त शहरास परगण्यापासून स्वतंत्र अशा ‘काउंटी बरो’चा दर्जा मिळाला, म्हणजे शाळा, रस्ते, पोलीस, सर्व कांहीं आपलें आपण पाहावयाचें व परगण्यास पट्टी द्यावयाची नाहीं. ज्या क्रॉशेंनीं १८२५ च्या सुमारास आपल्या भट्ट्यांकडे तोंड करून किल्ल्यासारखा वाडा बांधला होता, तो कवार्थवाचा वाडा नगरसभेनें विकत घेतला व १९१० सालीं त्यांत लोकांसाठीं संग्रहालय उघडलें. बंधुभावावांचून बळ नाहीं, अशा अर्थाचें वेल्श वचन नगराच्या मुद्रेवर कोरलें गेलें.

येथवर ही कहाणी सुखान्त दिसते. परंतु अधिकार मिळाला म्हणजे काम संपलें, असें समजणारांनीं पुढील भाग अवश्य वाचावा. १९११ सालीं शहराची वस्ती एक्याऐंशीं हजारांच्या घरांत होती. पहिल्या महायुद्धानंतर लोखंड व कोळसा या दोन्ही धंद्यांस उतरती कळा लागली. १९३० सालीं डौलाइसचा कारखाना बहुतेक बंद झाला, आणि काम करूं शकणाऱ्या पुरुषांपैकीं निम्म्याहून अधिक लोक बेकार झाले. त्याच वर्षीं नव्या कायद्यानें पालकमंडळें मोडून गरिबांच्या मदतीचा बोजा काउंटी बरोंवर टाकला होता. म्हणजे जें शहर सर्वांत गरीब, त्यासच आपल्या गरिबांचें पोषण आपल्या पट्टींतून करावयाचें! पट्टीचा दर मालमत्तेच्या वार्षिक किंमतीच्या पौंडास वीस शिलिंगांच्याही वर गेला. म्हणजे घराचें जेवढें वार्षिक मोल, त्याहूनही अधिक पट्टी. अशा ठिकाणीं नवा कारखानदार येईल कशास? १९०८ चें भूषण तें १९३० नंतर ओझें झालें.

१९३५ सालीं सरकारनें राजआयोग नेमला. मर्थरचा स्वतंत्र दर्जा काढून त्यास पुन्हां परगण्यांत घालावें, असा त्यानें अभिप्राय दिला. परंतु तो अमलांत आला नाहीं. १९३९ सालीं तर एका संशोधनसंस्थेनें हें शहर सोडून देऊन तेथील वस्ती दुसरीकडे न्यावी अशी सूचना केली. शहर म्हणजे जणूं काय तोट्यांतलें दुकान, फळी लावून पुढच्या गल्लींत जावें! लोक गेले नाहींत. दुसऱ्या महायुद्धानंतर नवे धंदे आणले गेले. १९४८ सालीं हूवर कंपनीचा धुलाईयंत्रांचा कारखाना निघाला, आणि तो २००९ पर्यंत चालला.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती जड अंतःकरणानें सांगावी लागते. मर्थरच्या हद्दींत, शहराच्या दक्षिणेस, ॲबरव्हॅन नांवाचें खाणकामगारांचें खेडें आहे. १९४७ पासून कोळशाच्या खाणी राष्ट्रीय कोळसामंडळाच्या मालकीच्या झाल्या होत्या, आणि खाणींतला टाकाऊ माल खेड्याच्या माथ्यावर डोंगरउतारावर ढिगांनीं रचला जात होता. सातवा ढीग १९५८ सालीं झऱ्यांवरच घातला गेला. नगरसभेच्या इंजिनियरानें १९६३ सालीं पॅन्टग्लास शाळेच्या मागील ढिगांपासून धोका आहे असें मंडळास लेखी कळविलें. १९६४ सालीं एका सभासद बाईनें सभेंत हीच भीति बोलून दाखविली. १९६५ सालीं मुलांच्या मातांनीं शाळेंत पाणी शिरतें म्हणून अर्ज दिला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं सकाळीं शाळा नुकतीच भरली असतां तो ढीग घसरला. १४४ माणसें मेलीं. त्यांत ११६ मुलें होतीं.

न्यायाधीशांच्या चौकशीमंडळानें १९६७ सालीं या अनर्थाचा दोष कोळसामंडळावर ठेवला. तरीही उरलेले ढीग हालविण्यासाठीं लोकांनीं दिलेल्या मदतनिधींतून दीड लाख पौंड घेण्यांत आले. ते १९९७ सालीं परत करण्यांत आले, आणि २००७ सालीं वेल्सच्या सरकारनें आणखी वीस लाख पौंड दिले. नगरसभेनें डोळे मिटले नव्हते. तिनें लिहिलें होतें, विचारलें होतें. परंतु त्या ढिगाला हात लावण्याचा अधिकार तिच्याजवळ नव्हता, आणि ज्याच्याजवळ होता तो खेड्यापासून फार दूर बसला होता. पत्राला पत्रानें उत्तर मिळालें, आणि ढीग वाढत राहिला. १९६९ च्या कायद्यानें मग अशा ढिगांच्या तपासणीची व्यवस्था करण्यांत आली.

१ एप्रिल १९७४ पासून मर्थरचा स्वतंत्र दर्जा खरोखरच गेला; तें मध्य ग्लॅमॉर्गन परगण्यांतील एक जिल्हा झालें. बावीस वर्षांनीं, १ एप्रिल १९९६ रोजीं, वेल्सची बावीस स्थानिक संस्थांत नवी वांटणी झाली, तेव्हां तो दर्जा पुन्हां मिळाला. २०२१ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती अठ्ठावन्न हजारांवर भरली, आणि एके काळचें वेल्समधील सर्वांत मोठें गांव हें आज त्या बाविसांत वस्तीनें सर्वांत लहान आहे.

एक योगायोग येथें नमूद करण्यासारखा आहे. ज्या १८५० सालीं मर्थरचें आरोग्यमंडळ स्थापन झालें, त्याच सालीं हिंदुस्थानांत सव्विसावा कायदा मंजूर झाला, आणि रहिवाशांनीं मागणी केल्यास त्यांच्या गांवीं म्युनिसिपालिटी स्थापन करण्याची तजवीज त्यांत होती. आमच्या मुंबई इलाख्यांतील कित्येक जुन्या नगरपालिकांचा जन्म याच कायद्याखालीं झाला. म्हणजे मागावें तेव्हां मिळावें, ही अट दोहींकडे होती. आणि पट्टीच्या भयानें न मागणारे लोकही दोहींकडे होते.

मर्थरच्या व्यापाऱ्यांनीं शंभर वर्षें जो प्रश्न पुढें ढकलला, तो पट्टीचा नव्हता. पट्टी त्यांनीं भरलीच. कधीं पैशानें, कधीं जळालेल्या वह्यांनीं, कधीं घरांतल्या माणसांनीं. प्रश्न होता तो हा, कीं ज्याच्या डोक्यावर धोका आहे त्याच्याच हातीं तो दूर करण्याचा अधिकार व पैसा असावा कीं नाहीं. १८४९ सालीं मर्थरजवळ पैसा होता, अधिकार नव्हता. १९३० सालीं अधिकार होता, पैसा नव्हता. १९६६ सालीं धोका ओळखणारी दृष्टि होती, पण त्या ढिगावर अधिकार चालत नव्हता. या तिन्ही सालांचा हिशोब त्या गांवच्या स्मशानांत लिहिलेला आहे. तेव्हां आपल्या गांवच्या सभेचा अंदाजपत्रकाचा कागद पुढच्या खेपेस हातीं येईल, तेव्हां पट्टी किती वाढली एवढेंच पाहून तो बाजूस टाकूं नये. पाणी, गटार आणि शाळेमागची टेकडी यांच्या नांवापुढें कोणता आंकडा आहे, तो खर्च करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि गेल्या सालीं या बाबतींत आलेल्या अर्जांचें काय झालें, हें सभासदांस नांवानिशीं विचारावें. असा प्रश्न विचारणें हा नागरिकाचा हक्क आहे, इतकेंच नव्हे, तर तें त्याचें रोजचें काम आहे.